गार्डसाहेबांनी पेला परत केला!

दिवाळीच्या अंकात वृद्धाश्रमावरचा लेख! हा शब्द वाचताच काही वाचकभगिनींनी पदर डोळ्यांकडे नेला असेल आणि काही वाचकबंधूंनी पान उलटायला बोट ओले केले असेल. दोघांनाही माझी विनंती आहे, जरा थांबा. हा लेख रडका नाही. यात मुलांनी टाकून दिलेले आईबाप नाहीत आणि खिडकीशी बसून वाट पाहणारे डोळेही नाहीत. यात आहेत लगोऱ्या, शिट्ट्या, भांडणे आणि एक स्टीलचा पेला.

मी एका शाळेत ३१ वर्षे खेळाची बाई होते. निवृत्त होऊन वर्ष झाले नव्हते तोच आमच्या शहराच्या वेशीवर असलेल्या एका वृद्धाश्रमाच्या व्यवस्थापिका घरी आल्या. ‘बाई, आमच्याकडे एक क्रीडादिन करून द्या. आजीआजोबांचं जरा मनोरंजन होईल.’ मी म्हटले, ‘त्यात काय! एका सकाळचं काम.’ जिने हजार-बाराशे पोरांचे सामने वर्षानुवर्षे पार पाडले, तिला साठएक म्हाताऱ्या माणसांचे काय भय? हा माझा गर्व होता. तो कसा उतरला ते सांगितल्याशिवाय पुढचे सांगता यायचे नाही.

शाळेतल्या बालवर्गाचा कार्यक्रम होता तोच मी उचलून तिकडे नेला. लिंबू-चमचा, संगीतखुर्ची, फुगे फोडणे आणि बादलीत चेंडू टाकणे. लिंबू-चमच्याचे पहिल्या मिनिटालाच हसे झाले. दातांत चमचा धरायचा, तर निम्म्या मंडळींच्या तोंडात कवळी! कवळीचे आणि चमच्याचे मुळीच पटत नाही. मग चमचा हातात द्यावा म्हटले, तर कंपवाताने ज्यांचा हात थरथरतो त्यांचे लिंबू जागच्या जागी खाली. फुगे फुटू लागले तशी कानाला यंत्र लावलेली मंडळी कान धरून बसली आणि हृदयविकाराचे एक गृहस्थ छातीवर हात ठेवून आत निघून गेले. संगीतखुर्चीत तर माझ्याच काळजाचा ठोका चुकला. गाणे थांबले, दोघी जणी एकाच खुर्चीवर बसायला गेल्या आणि प्लॅस्टिकच्या खुर्चीचा पाय गुळगुळीत फरशीवरून सरकला. मागे उभ्या असलेल्या सेविकेने वेळीच धरले म्हणून निभावले.

राहिला बादलीचा खेळ. कुणी हिरमुसू नये म्हणून मी बादली इतकी जवळ ठेवली होती की, चेंडू बाहेर टाकायलाच कौशल्य लागावे. शेवटी सगळ्यांना एकेक स्टीलचा पेला दिला. टाळ्या झाल्या, फोटो झाले, आणि मी घरी येऊन समाधानाने झोपले.

दुसऱ्या दिवशी राहिलेले सामान आणायला गेले, तो व्हरांड्यात एक गृहस्थ माझी वाटच पाहत होते. रेल्वेत गार्ड म्हणून नोकरी केलेले, वय ८१, पाठ ताठ. आश्रमात सगळे त्यांना गार्डसाहेब म्हणतात. समोरच्या स्टुलावर कालचा पेला होता.

‘बाई, हा घेऊन जा.’

‘का हो? आवडला नाही?’

‘पेल्यात काही वाईट नाही. पण बादलीच्या खेळात माझे दोन चेंडू बाहेर गेले. माझ्याइतके कुणाचेच गेले नाहीत. मग मला बक्षीस कशाबद्दल?’

‘अहो, सगळ्यांनाच दिलंय.’

‘तेच म्हणतोय मी. सगळ्यांनाच दिलं, तर खेळलं कोण? बाई, मी अडतीस वर्षं रेल्वेत काढली. गाडी उशिरा आली तर वहीत उशीरच लिहायचा. बिचारी दमली असेल म्हणून कुणी वेळेवर आली असं लिहिलं नाही.’

मी पेला पिशवीत घातला. शाळेत इतकी वर्षे पोरांना खिलाडूवृत्ती शिकवली. पण ती मला कुणी शिकवली असेल तर त्या सकाळी गार्डसाहेबांनी.

चूक कोठे झाली?

घरी येऊन विचार केला तेव्हा ध्यानात आले की, आश्रमात राहणाऱ्या माणसाच्या दिवसात हरण्यासारखे काही उरलेले नसते, आणि म्हणूनच जिंकण्यासारखेही काही नसते. चहा ठरलेल्या वेळेला, औषध ठरलेल्या वेळेला, दूरदर्शनसंचावर कोणती मालिका लावायची तेही ठरलेले. वागवणारी माणसे भली असतात. पण भल्या माणसांनी सगळेच आधी ठरवून ठेवले की, करण्यासारखे काय राहते? खेळ ही एकच जागा अशी आहे की, पुढच्या क्षणाला काय होणार हे तिथे कुणालाच ठाऊक नसते. तीही आपण दयेपोटी आधीच ठरवून टाकली, तर तो खेळ राहत नाही. लहान मुलाला ‘तूच जिंकलास हं!’ म्हणून खेळवणे होते. आणि मूलसुद्धा चार वर्षांचे झाले की ते ओळखते.

तेव्हापासून मी एक सूत्र धरले आहे. श्रम कमी करा, धोका कमी करा. चुरस मात्र तसूभरही कमी करू नका.

ही कल्पना माझी एकटीची नव्हे. दुसऱ्या महायुद्धात कण्याला इजा होऊन कमरेखाली लुळे पडलेले सैनिक इंग्लंडमध्ये स्टोक मँडेव्हिलच्या रुग्णालयात होते. तिथले डॉक्टर लुडविग गुटमान यांनी त्यांना खेळ हे औषध म्हणूनच दिले. २९ जुलै १९४८ रोजी, लंडनच्या ऑलिंपिकचे उद्घाटन होते त्याच दिवशी, त्यांनी चाकाच्या खुर्चीत बसलेल्या १६ जणांची धनुर्विद्येची स्पर्धा रुग्णालयाच्या हिरवळीवर भरवली. बाण चुकला तर चुकलाच! त्यातूनच पुढे १९६० साली रोमला पॅरालिंपिक स्पर्धांचा आरंभ झाला. आपल्या सांगली जिल्ह्यातले मुरलीकांत पेटकर १९६५ च्या युद्धात गोळ्यांनी जायबंदी झाले आणि १९७२ साली हायडेलबर्गच्या पॅरालिंपिकमध्ये पोहण्याचे सुवर्णपदक घेऊन आले. कुणी त्यांच्यासाठी तलाव लहान केला नव्हता.

जपानमधली हकीकत तर आपल्या विषयाच्या अगदी जवळची आहे. १९४७ साली होक्काइदो बेटावर एइजी सुझुकी नावाच्या गृहस्थांनी मुलांसाठी एक खेळ शोधून काढला. युद्धानंतर रबर मिळेना, लाकूड मात्र मुबलक. म्हणून लाकडी चेंडू आणि लाकडी हातोडा. तीन छोट्या कमानींतून चेंडू पार करायचा आणि शेवटी मधल्या खुंट्याला लावायचा. पाच-पाच जणांचे दोन संघ आणि अर्ध्या तासाचा डाव. या ‘गेटबॉल’ला पुढे उचलून धरले ते मुलांनी नव्हे, म्हाताऱ्यांनी! त्यात धावायचे नसते, पण डोके लढवावे लागते. आणि प्रतिपक्षाचा चेंडू टोलवून बाहेर घालवण्याची मुभा असते. वय झाले म्हणून कुणी कुणाला सोडत नाही.

आधी वही, मग शिट्टी

दुसऱ्या वर्षी मी दोन महिने आधी कामाला लागले. शंभर पानी वही घेतली आणि प्रत्येकाजवळ पंधरा मिनिटे बसले. तीनच प्रश्न विचारायचे. लहानपणी काय खेळत होता? आता हात, पाय, डोळे, कान यांतले काय साथ देते? आणि तुम्हाला काय म्हणून हाक मारलेली आवडेल?

तिसरा प्रश्न वरवर फालतू वाटेल. पण सरसकट ‘आजी-आजोबा’ म्हणण्याने माणसाची उभी हयात पुसली जाते. वहीत मला मास्तर भेटले, कंपाउंडर भेटले, गिरणीतले जॉबर भेटले. मुलींच्या शाळेत शिवण शिकवलेल्या एक बाई भेटल्या. त्या म्हणाल्या, ‘मला आजी म्हणायला माझी नातवंडं आहेत. तुम्ही मला शिवणबाई म्हणा.’ आणि पहिल्या प्रश्नाला तर काय उत्तरे! लगोरी, विटीदांडू, गोट्या, आट्यापाट्या, सागरगोटे, काचापाणी, सारीपाट, मुंगूस, फुगडी. वीस वर्षांत ज्यांच्या तोंडून वाक्य ऐकले नव्हते, असे व्यवस्थापिका म्हणाल्या, ते गृहस्थ विटीदांडूतले हात मोजायचे शब्द घडाघडा बोलून गेले.

मग वही घेऊन आश्रमाच्या डॉक्टरांकडे आणि परिचारिकेकडे गेले. कुणाचा खुबा बदललेला आहे, कुणाची हाडे ठिसूळ आहेत, कुणाला उठल्यावर अंधारी येते, कुणाला मधुमेहाचे इंजेक्शन चालू आहे, हे त्यांना ठाऊक, मला नव्हे. त्यांच्या सल्ल्याने तीन याद्या केल्या. उभे राहून खेळणारे, बसून खेळणारे आणि खाटेवरून खेळणारे. चौथी, ‘न खेळणारे’ अशी यादी करायची नाही, असे मात्र मी आधीच ठरवले होते.

आणि सराव! ही गोष्ट बहुतेक ठिकाणी विसरली जाते. क्रीडादिन एका सकाळचा. पण त्याचा खरा लाभ आधीच्या सहा आठवड्यांत असतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली दिलेल्या मार्गदर्शनात ६५ वर्षांवरील माणसांनी तोल आणि ताकद राखणारे व्यायाम आठवड्यातून निदान तीन दिवस करावेत, असे सांगितले आहे. ‘व्यायाम करा’ म्हटले की आश्रमात कुणी उठत नाही. ‘पिवळ्या गटाचा सराव चाललाय’ म्हटले की तांबडा गट आपोआप जागा होतो.

खेळ कोणकोणते?

पहिला मान लगोरीला. फरशीवर वाकायला नको म्हणून लगोरी टेबलावर आणली. पावडरचे रिकामे डबे सात, खाली मोठा आणि वर लहान. दोन मीटरवर पाठ आणि हात असलेल्या खुर्चीत खेळाडू. हातात जुन्या सुती कपड्याचा चेंडू. तीन फेकींत लगोरी फोडायची आणि टेबलाभोवती बसलेल्या त्याच्या दोन गड्यांनी ती रचायची. पळायचे आणि चेंडू मारून बाद करायचे काढून टाकले. त्याऐवजी घड्याळ लावले. ज्याचा वेळ कमी तो जिंकला. दमणूक अशी काही नाही, पण शेवटचा डबा ठेवताना हात कसे कापतात ते पाहावे! आणि ते वयाने नव्हे.

दुसरा खेळ पुरचुंड्यांचा. पॅरालिंपिकमध्ये १९८४ पासून ‘बोचिया’ नावाचा खेळ आहे. बसून खेळायचा. आधी एक पांढरा चेंडू टाकतात. मग एका पक्षाने सहा तांबडे आणि दुसऱ्याने सहा निळे चेंडू त्याच्या जास्तीत जास्त जवळ नेऊन ठेवायचे. आम्ही चेंडूंऐवजी ज्वारी भरलेल्या कापडी पुरचुंड्या केल्या. त्या घरंगळत नाहीत, पायाखाली येऊन कुणाला पाडत नाहीत आणि दुखऱ्या बोटांच्या मुठीत नीट बसतात. पुरचुंडी पाव किलोच्या आतच ठेवावी. रंग भडक घ्यावेत. मोतीबिंदूच्या डोळ्यांना फिकट निळे आणि राखी रंग फरशीत मिसळून गेलेले दिसतात. शिवणबाईंनी दोन दुपारींत सगळ्या पुरचुंड्या शिवून दिल्या. हा खेळ दिसायला सोपा, पण त्यात डावपेच असे की, आपली जवळ नेण्यापेक्षा दुसऱ्याची ढकलून देण्यातच खरी गंमत.

तिसरा फुग्याचा व्हॉलीबॉल. फुगे फोडणे वाईट, उडवणे चांगले. फुगा सावकाश खाली येतो, त्यामुळे मंदावलेल्या हातालाही तयारीला वेळ मिळतो. चार-चार जण समोरासमोर खुर्च्यांवर, मधे कमरेएवढ्या उंचीवर दोरी. फुगा जमिनीला टेकला की समोरच्याला गुण. नियम एकच, खुर्चीवरून उठायचे नाही. उठला तर गुण गेला. उत्साहाच्या भरात माणूस उठतो आणि पडतो, म्हणून हा नियम दंडासकट ठेवावा.

चौथा प्रकार हातकामाच्या शर्यतींचा. पाच मिनिटांत किती फुलवाती वळून होतात? कुणाच्या मटाराच्या शेंगा आधी सोलून होतात? आम्हा बायकांना वाटले हा विभाग आपलाच. पण शेंगांत पहिले आले ते कंपाउंडर! गोळ्यांच्या पुड्या बांधून तयार झालेली बोटे ती. जुनी सवय हाताच्या बोटांत फार दिवस राहते. विस्मृतीच्या आजाराने ज्यांना आजचा वार सांगता येत नाही, त्यांचे हातसुद्धा वात मात्र अचूक वळतात. एक काकू तर घड्याळ थांबल्यावरही वळतच राहिल्या. आणि त्यांच्या वाती मोजल्या तर सर्वांत सारख्या त्यांच्याच. आम्ही ‘सुबक वाती’ असे वेगळे बक्षीस त्याच वेळी जाहीर केले. हे दयेचे नव्हते. परीक्षकांनी, म्हणजे आश्रमातल्याच तिघी जणींनी, वाती भिंगाखाली धरून दिले.

खाटेवरचे खेळाडू

ज्यांना खाटेवरून हलता येत नाही त्यांच्या खोलीत आपण ‘कार्यक्रम’ घेऊन जातो, गाणी म्हणतो आणि परत येतो. ते प्रेक्षकच राहतात. आम्ही त्यांना गटात वाटून घेतले आणि त्यांचे गुण गटाच्या गुणांत धरले. गाण्याच्या भेंड्या झाल्या. झाकलेल्या वाट्यांतला वास ओळखण्याचा डाव झाला. वयाबरोबर नाकही मंद होते, म्हणून हिंग, ओवा, सुंठ, कापूर असे ठसठशीत वास घेतले. पाठीचा कणा मोडल्याने तीन वर्षे पडून असलेल्या एका काकांनी सहाच्या सहा वास ओळखले आणि निळा गट चौथ्यावरून दुसऱ्यावर गेला. हॉलमध्ये ती बातमी आली तेव्हा जो गलका झाला, तो ऐकू जावा म्हणून सेविकेने काकांच्या खोलीचे दार उघडून धरले. टाळ्या ऐकणे आणि आपल्यामुळे झालेल्या टाळ्या ऐकणे यांत किती अंतर आहे, ते त्या चेहऱ्यावर दिसले.

ज्यांना खेळायचेच नसते अशीही माणसे असतात आणि त्यांचा तो हक्क आहे. त्यांच्यासाठी पंचाचे, गुण लिहिण्याचे, घड्याळ लावण्याचे काम ठेवावे. फळ्यावर गुण लिहायला मास्तरांसारखा माणूस नाही. अक्षर मोत्यासारखे आणि बेरीज चुकायची नाही.

धोक्याचे कंदील

आता काही गोष्टी गार्डसाहेबांच्या तांबड्या कंदिलासारख्या लक्षात ठेवायच्या.

१ ऑक्टोबर हा संयुक्त राष्ट्रसंघाने ज्येष्ठांसाठी नेमलेला दिवस. पण आपल्याकडे तेव्हा ऑक्टोबरचा उकाडा असतो. डिसेंबर-जानेवारीतली सकाळ, नाश्त्यानंतर तासाभराने, साडेनऊ ते साडेअकरा ही वेळ उत्तम. उपाशी पोटी मधुमेही माणसाला खेळवू नये; साखर एकदम उतरते. ज्याची त्याची औषधे नेहमीच्याच वेळी झालेली असावीत आणि परिचारिका हॉलमध्ये हजर असावी. म्हातारपणी तहान कळेनाशी होते, म्हणून ‘पाणी हवे का?’ असे विचारू नये. प्रत्येक डावानंतर पेला हातातच द्यावा.

फरशी कोरडी हवी. गालिचे, सतरंज्या, तारा गुंडाळून ठेवाव्यात. खुर्च्या जड, हाताच्या आणि भिंतीला टेकवलेल्या. चाकाच्या खुर्चीला खीळ घातल्याशिवाय चेंडू हातात द्यायचा नाही. पायांत टाच धरून ठेवणारी पादत्राणे हवीत. न्हाणीघरातल्या सपाता नकोत. साडीच्या निऱ्या जरा वर खोचाव्यात. डोळे बांधायचे खेळ, मान वर करून पाहायचे खेळ, पायाच्या घोट्यापर्यंत वाकायचे खेळ आणि श्वास रोखून जोर लावायचा रस्सीखेचीचा खेळ कायमचे वगळावेत. संगीतखुर्ची तर नकोच नको. पडण्याचा धोका आहेच. पण त्याहून मला तिचा नियम खटकतो. एकेकाची जागा काढून घ्यायची आणि त्याला बाहेर घालवायचे, हा खेळ या घरात कशाला खेळावा?

आणि डाव सुरू होण्याआधी सर्वांना सांगावे की, छातीत, श्वासात, डोक्यात काहीही वेगळे वाटले की हात वर करायचा. खेळ तिथेच थांबेल आणि त्याचा एकही गुण कापला जाणार नाही. हे न सांगितले तर माणसे गटासाठी दुखणे लपवतात. हो, ऐंशीव्या वर्षीसुद्धा!

खर्चाचे म्हणाल तर पहिल्या वर्षीच्या पेल्यांत जेवढे गेले, त्याच्या निम्म्यात सगळे भागले. बक्षिसे थोडी आणि खरी ठेवली. जिंकलेल्या गटाला एक ढाल, तीही पुढच्या वर्षी परत करायची. आणि विजेत्यांची नावे वर्षभर नोटीसबोर्डावर.

नातेवाईक मंडळींस

या दिवशी घरच्यांना जरूर बोलवावे. पण ‘नातवाबरोबर शर्यत’ असा प्रकार ठेवू नये. ज्यांचे कुणीच येणार नसते त्यांनी त्या वेळी कुठे पाहायचे? आलेल्या मंडळींना आम्ही चिठ्ठ्या टाकून गटांत वाटले. मुलगा तांबड्यात आणि त्याचे वडील निळ्यात, असेही झाले. वडिलांनी मुलाच्या गटाची लगोरी हाणून पाडली आणि दहा वर्षांत मारली नसेल अशी मांडीवर थाप मारली. त्या मुलाच्या डोळ्यांत पाणी आले. पण ते रडणे नव्हते. आपले वडील अजून आपल्याला हरवू शकतात, या गोष्टीत एक मोठा दिलासा असतो.

२००७ च्या ज्येष्ठ नागरिकांच्या कायद्याने आईवडिलांचा निर्वाह ही मुलांची जबाबदारी ठरवली आहे आणि जिल्ह्याजिल्ह्यांत वृद्धाश्रम असावेत अशी तरतूदही केली आहे. कायदा अन्न, वस्त्र, निवारा, औषध इथपर्यंत जातो. खेळायला गडी देणे त्याच्या हातात नाही. ते आपल्या हातात आहे.

आणि गार्डसाहेब?

त्यांचे सांगायचे राहिलेच. दुसऱ्या वर्षी पुरचुंड्यांच्या अंतिम सामन्यात एका बाजूला गार्डसाहेब आणि दुसऱ्या बाजूला शिवणबाई. शेवटच्या फेकीनंतर दोघांच्याही पुरचुंड्या पांढऱ्या चेंडूपासून सारख्याच अंतरावर दिसत होत्या. पंच दोरी शोधू लागले, तो शिवणबाईंनी पिशवीतून आपली शिवणाची टेप काढली. त्यांची साडेदहा इंच, गार्डसाहेबांची अकरा. गार्डसाहेब म्हणाले, ‘हरकत! माझं माप पोटापासून घेतलंत. शेंडीपासून घ्या.’ पुरचुंडीची शेंडी चेंडूकडे झुकलेली होती, हे खरे. माप शेंडीपासून की पोटापासून, हे आधी ठरवायला मी विसरले होते. पंचांनी पोट धरले. गार्डसाहेब दुसरे आले.

वाद मिटला असे मला वाटले. व्यवस्थापिकांनी मागाहून सांगितले की, दोन दिवस जेवणघरात दुसरा विषय नव्हता. शेंडीवाले आणि पोटवाले असे दोन तट पडले. एरवी ताट घेऊन खोलीत जाणारी माणसे वाद घालायला टेबलाशी बसू लागली. पुढच्या रविवारी, कुणालाही न बोलावता, दोघांनी सामना पुन्हा खेळला. शिवणबाईच जिंकल्या.

मी ढालीवर नावे घालायला गेले तेव्हा गार्डसाहेब व्हरांड्यातच होते. मी भीत भीतच विचारले, ‘काय, राग गेला का?’

‘राग कसला? हरलो तर हरलो. पण बाई, पुढच्या वर्षी नियम आधी छापून लावा.’

पुढच्या वर्षी! आश्रमात हे दोन शब्द सहसा ऐकू येत नाहीत. तिथे बोलणे चालते ते मागच्या वर्षांचे. मी वही उघडली आणि पहिल्या पानावर लिहून घेतले, ‘माप कोठून घ्यायचे ते आधी ठरवणे.’

तर वाचकहो, या दिवाळीत चकल्या आणि अनारशांचा डबा घेऊन तुम्ही आपल्या कुणा वडीलधाऱ्यांकडे जाल. कुणी वृद्धाश्रमात, कुणी आपल्याच घरातल्या आतल्या खोलीत. डबा द्या, नमस्कार करा, पण लगेच उठू नका. पिशवीत पत्त्यांचा जोड असू द्या, नाहीतर पाच सागरगोटे. अर्धा तास बसा आणि एक डाव मांडा. फक्त एवढेच करा, मुद्दाम हरू नका. त्यांना ते कळते.